पेइ-युनच्या हाताचं माप

१७ ऑगस्ट

पंचांगाचा सातवा महिना कालपासून लागला. पलीकडचं दार उघडलंय आणि 'भले भाऊ' सगळे रस्त्यावर आलेत. भुतं म्हणायचं नाही या महिन्यात, मग वहीत तरी कशाला लिहा. आता फेंगयुआनमध्ये महिनाभर कोणी नवी सायकल घेणार नाही, घर बदलणार नाही, लग्न करणार नाही. ज्यांचं दुकान नवं आहे त्यांनी माश्या मारत बसायचं. आमचं लहान हातांसाठीच्या सायकलींचं दुकान वसंतात उघडलं, म्हणजे माश्याही अजून ओळखीच्या झालेल्या नाहीत.

आज दुपारी यी-जननं सोयाबीनच्या दुधाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, मी सप्टेंबरच्या चढाईच्या शर्यतीत नाव घातलंय."

"कुठल्या?"

"दाश्युए पर्वताच्या."

"त्याच डोंगराच्या?"

"डोंगर तोच आहे, त्याला मी काय करू? जवळ दुसरा कुठे आहे?"

तिची ताई, पेइ-युन, गेल्या नोव्हेंबरात त्याच डोंगरावरून उतरताना वळणावर गेली. पोलीस म्हणाले, शेवाळ होतं. माझा नवरा आ-सुंग म्हणतो, नशीब. मी म्हणते, लिव्हर. या शर्यतीच्या सायकलींना ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात, आणि ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सहा फुटी गोऱ्याचा पंजा असतो. मी दाज्या गावातल्या सायकलच्या कारखान्यात वीस वर्षं याच लिव्हरांचे खटके जुळवले. त्यातली एक तरी माझ्या बोटांना पोचायची का? कधी मनातही आलं नाही. पेइ-युनची बोटं तर माझ्याहून लहान.

यी-जनला नाही म्हणाले नाही. म्हटलं असतं तरी गेलीच असती, आणि न सांगता गेली असती. एकच अट घातली, लिव्हर मी निवडणार आणि मीच बसवणार.

"बसव," ती म्हणाली. "मी कुठे नको म्हणतेय?"

१८ ऑगस्ट

सकाळपासून तिच्या सायकलीशी खेळत होते. काउंटरवर सगळे प्रकार मांडले. मूठ फिरवून बदलायचा गिअर शहरात ठीक, पण दोन तास चढ चढलं की अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात. अंगठ्याने ढकलायचा खटका सरळ हँडलवर बरा, तिचं हँडल वाकडं. बटणाचा विजेवरचा गिअर बोट टेकलं तरी बदलतो, लहान हाताला त्याच्याइतकं सुख नाही, पण त्याची दोन बटणं इतकी चिकटून असतात की हातमोजा घातला की भलतंच दाबलं जातं. पावसात तर हमखास. शेवटी बारीक मुठीची, वायरची लिव्हर निवडली. तिच्या रबराखाली एक छोटा स्क्रू असतो. तो पिळला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. दुकानदार हा स्क्रू दाखवतच नाहीत, कारण त्यांनाच तो ठाऊक नसतो.

माप मी नेहमीच्याच पद्धतीने घेतलं. पेइ-युनचा उजवा हातमोजा माझ्याकडे आहे. डावा सापडला नाही. त्यात तांदूळ भरून तो मनगटाशी शिवून टाकलाय. तो मुठीवर ठेवायचा, बोटं पुढे सोडायची आणि लिव्हर पहिल्या पेराच्या आत येईपर्यंत स्क्रू पिळत राहायचा. आजवर सगळ्या गिऱ्हाइकांना असंच लावून दिलंय. लहान हात शेवटी लहान हात. आणि यी-जन तर तिची सख्खी बहीण.

आ-सुंग सायकलीची चाकं पुसत होता. म्हणाला, "फार जवळ आली नाही का?"

"तू चाकं बघ," मी म्हटलं.

त्याने चाकं बघितली. आमच्यात हल्ली बोलणं तेवढंच आहे, हा पाना दे, तो पाना ठेव.

२० ऑगस्ट

ग्वो साहेब आले. निवृत्त फौजदार, छाती अजून पुढे, आवाज अजून चौकीतला. "बायकोसाठी विचारतोय," म्हणाले. "तिचे हात फार लहान आहेत हो."

"घेऊन या त्यांना."

"ती कामात असते. माझ्याच हाताने अंदाज घ्या."

हात पुढे केला तर पंजा पोरीसारखा! यी-जन गल्ल्यामागे तोंड दाबून वाकली. मी आपली गंभीर. म्हटलं, "साहेब, बाईंचा हात तुमच्यासारखाच निघाला तर किती बरं होईल, एका मापात दोघांचं काम." त्यांनाही हसू आलं. लिव्हर बसवून दिली, अर्थात हातमोज्याच्या मापानं. नवी वायर घातली, कारण जुनी गंजकी वायर असली की कितीही जवळ आणा, खटका जडच जातो. पायऱ्या उतरताना म्हणाले, "बायको आशीर्वाद देईल तुम्हाला."

महिन्यातलं पहिलं गिऱ्हाईक. बरं वाटलं.

२२ ऑगस्ट

जेवताना यी-जनच्या हातातून चॉपस्टिक पडली. एकदा पडली, उचलली, पुन्हा पडली. मी तिचा हात ओढून बघितला. अनामिका आणि करंगळी, दोन्ही बोटांच्या मधल्या पेरांवर निळे डाग. दोन्ही हातांना, अगदी सारखे.

"कुठे आपटलीस?"

"कुठेच नाही. कळलंच नाही मला."

माझी आई म्हणायची, सातव्या महिन्यात अंगावर न कळता निळं उमटलं तर समजायचं, भल्या भावांपैकी कोणीतरी चिमटा काढला. पण चिमटा कुठेही काढतात, दंडाला, मांडीला. हाताच्या दोन बोटांना कोण धरतं? शाळेत जाताना रस्ता ओलांडायचा तर पेइ-युन धाकटीचा अख्खा हात कधी धरायची नाही. शेवटची दोन बोटंच धरायची. मी शंभरदा ओरडले असेन, नीट धर, सुटेल ती!

मी भाताची वाटी संपवली, आणखी वाढून घेतला.

२३ ऑगस्ट

रात्री झोप नव्हती, पण भीतीही नव्हती. आश्चर्य वाटतं. घरात माणूस आहे असं वाटत होतं, एवढंच.

सकाळी यी-जनला सांगून टाकलं. ती सायकल काढत होती. म्हटलं, "ते डाग ताईचे आहेत. तिने तुझा हात धरलाय." ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं हसेल. हल्लीची पोरं. हसली नाही.

"तुला खरंच वाटतं आई?"

"दोन्ही हातांची तीच दोन बोटं. आणखी कोण?"

"मग तू आज जेवशील ना नीट?"

हा काय प्रश्न झाला! पण जेवले. आणि दुपारी, कधी नव्हे ते, दुकानात गुणगुणत होते असं आ-सुंग म्हणाला. म्हणजे पाना मागण्यापलीकडे काहीतरी बोलला.

२५ ऑगस्ट

टेकडीवरच्या देवळात जाऊन आले. लग्न न होता गेलेल्या मुलीच्या नावाची पाटी घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांजवळ ठेवत नाहीत. ती नवऱ्याच्या घरची असते म्हणे, आणि नवरा नाही तर कुठलीच नाही. म्हणून पेइ-युनची पाटी आणि अस्थी इथे, भिक्षुणींच्या देवळात, तिच्यासारख्याच इतर मुलींबरोबर. तेव्हा दिराने सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. आता वाटतं, जिला घर नाही ती या महिन्यात कुठे जाणार? आपल्याच घरी येणार.

कौल लावला. लाकडाचे दोन अर्धचंद्र हातात घेऊन विचारलं, युन, तूच आहेस ना? फेकले. दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे हसली. पुन्हा विचारलं, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा तेच.

देवळातल्या माई फुलं बदलत होत्या. म्हणाल्या, "हसते म्हणजे प्रश्न नीट नाही. दुसरा विचार."

मी विचारलं, तुला काही हवंय का? एक सपाट, एक पालथा. हो.

आता आणखी काय पाहिजे? तिला काय हवंय हे मला विचारायची गरज नाही. तिची सायकल पोलिसांकडून चेपलेली आली, आणि आ-सुंगने ती भंगारात दिली. तिथे ती पायी आहे.

२६ ऑगस्ट

शू दादांच्या कागदकामाच्या दुकानात गेले. पलीकडच्यांना जाळून पाठवायच्या वस्तू ते कागदाच्या करून देतात. त्यांनी तयार सायकल दाखवली, गुलाबी, पुढे टोपली, मागे कॅरिअर.

"ही काय बाजारात भाजी आणणार आहे?" मी म्हटलं. "शर्यतीची पाहिजे. वाकडं हँडल."

"होईल."

"लिव्हर पाहिजेत. जवळच्या. हे माप." हातमोजा काढून ठेवला.

त्यांनी हातमोज्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मोठा सभ्य माणूस. फक्त एवढंच म्हणाले, "काकू, वरती कुठे चढ असतात? गिअर लागेल का तिला?"

"तिला चढच आवडायचे. सपाट रस्त्याला कंटाळायची."

"मग बसवतो," म्हणाले, आणि बांबूची काडी सोलायला घेतली. बांबूच्या चोया, वर चांदीचा कागद. लिव्हर हलल्या पाहिजेत हेही मी बजावून आले.

३१ ऑगस्ट

यी-जन रोज सकाळी जाते, डोंगराच्या पहिल्या टप्प्यापर्यंत चढून परत उतरते. डाग आता जांभळे झालेत, कडेला काळपट. मी रोज संध्याकाळी तिचा हात दिव्याखाली धरून बघते. ती बघू देते. काल म्हणाले, "गडद झालेत. घट्ट धरते हल्ली." ती म्हणाली, "हो."

"दुखतं का?"

"नाही गं."

लहानपणी इतकी आरडाओरडा करणारी पोर ही, इंजेक्शनला चार माणसं लागायची. आता केवढी शहाणी झालीय.

ग्वो साहेब पुन्हा आले. त्यांच्या 'बायकोची' तक्रार. उतारावर जोरात ब्रेक दाबला की लिव्हर मागच्या बोटांवर बसते, आणि ब्रेक पुरता लागत नाही. मी म्हटलं, तिला सांगा ब्रेक दोन बोटांनी दाबायचा असतो, बाकीची बोटं मुठीखाली कशाला कोंबते? ते जरा खट्टू झाले. बोटांवर पट्टी होती त्यांच्या. दार लागलं असेल.

आ-सुंग माझ्यामागे उभा होता. ते गेल्यावर काही म्हणणार होता. मी वळून बघितलं तसा टायर घेऊन मागे गेला.

२ सप्टेंबर

मला एक गोष्ट खरी लिहून ठेवायची आहे. मला हा महिना संपू नये असं वाटतंय. दार बंद झालं की ती जाणार. गावात सगळे दिवस मोजतायत, कधी एकदा संपतो आणि गाड्या विकल्या जातात. मी दुकानदार असून उलट्या बाजूने मोजतेय.

आणि शर्यतीची धास्तीही वाटेनाशी झालीय. तिने हात धरला असेल तर धाकटीला काय होणार? आज पहिल्यांदा मीच यी-जनला म्हटलं, "शिखरापर्यंत जा, परत यायची घाई करू नकोस."

ती पाठमोरी होती. बाटलीत पाणी भरत होती. बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करेना.

६ सप्टेंबर

सायकल पाठवली.

शू दादांनी काम असं केलंय की मी दोन मिनिटं बघतच राहिले. चांदीची चाकं फिरत होती, लिव्हर हलत होत्या. कागदी लिव्हरला बोट लावून बघितलं, टिक असा आवाजसुद्धा आला! देवळाच्या अंगणात मधोमध उभी केली. समोर तिच्या आवडीचं, पेरू आणि शिंपल्यांच्या शेवया. तिचं नाव, गाव, देवळाचा पत्ता मोठ्याने सांगितला, चुकीच्या घरी जायला नको.

माईंनी आम्हाला तिघांना सायकलीभोवती उभं केलं. "हात धरा एकमेकांचे. राख बसेपर्यंत सोडायचे नाहीत. रिंगण तुटलं की बाकीचे आत शिरतात आणि तिची वस्तू पळवतात." आ-सुंगचा हात माझ्या उजव्या हातात, यी-जनचा डाव्यात. माईंनी पेटवलं.

कागद एकदम भडकला. झळ इतकी आली की आपोआप मागे झालो, आणि रिंगण ताणलं गेलं. मी घट्ट धरलं. यी-जनच्या तोंडून आवाज निघाला, कुत्र्याच्या पिलासारखा. पण तिने हात सोडला नाही. मी आणखी घट्ट धरलं, कारण चाकं कोसळत होती आणि मला भलत्या कोणाला आत येऊ द्यायचं नव्हतं.

आणि तेव्हा मला तो हात कळला. माझ्या तळव्यात मावेना. सांधे जाड, बोटं माझ्यापेक्षा पेरभर लांब, करंगळी बाहेर वळलेली, आ-सुंगच्या आईसारखी. दोन आठवडे मी तो रोज दिव्याखाली बघतेय, पण डागच बघत होते. आत काय आहे ते धरून बघितलं नव्हतं. हा हात माझ्या ओळखीचा नव्हता.

राख बसेपर्यंत मी नक्की काय बघत होते, आठवत नाही.

७ सप्टेंबर

सकाळी दुकान उघडायच्या आधी सायकल मागून स्टँडवर चढवली आणि यी-जनला वर बसवलं. आ-सुंगने मागून सीट धरली. मी म्हटलं, "हँडलच्या खालच्या वाकात हात घे. आता समज, उतार आहे, वळण आहे, समोरून ट्रक आला. दाब."

तिने दाबला. लिव्हर मागे आली आणि तिच्या अनामिकेवर आणि करंगळीवर बसली. बरोबर डागांवर. त्यापुढे जाईना. मागचं चाक मी हाताने ढकललं. फिरलं. ब्रेक पुरता लागलेलाच नव्हता.

"तुला माहीत होतं?"

तिने लिव्हर सोडून दिली.

"पहिल्या दिवसापासून?"

"डाग दिसले त्याच्या दुसऱ्या."

"अगं मग बोलायला काय झालं होतं तुला? त्या डोंगरावरून रोज उतरत होतीस तू, अशा ब्रेकवर!"

"हळू उतरत होते. पाय टेकवत." मग म्हणाली, "तू त्या दिवशी दोनदा भात घेतलास, आई. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. आणि म्हणालीस, ताई आहे. मी काय सांगणार होते? ताई नाहीये, स्क्रू आहे?"

मी खाली बसले. पाने ठेवायच्या डब्यावरच बसले.

आ-सुंग तिच्या सीटला धरून तसाच उभा होता. म्हणाला, "युनची लिव्हर लांब नव्हती, हुइ-झू. तिने माझ्यासमोर बसून स्वतः लावून घेतली होती. तिला हवी तशी. मी तुला किती वेळा सांगणार होतो."

मी ऐकून घेतलं. पाना घेतला आणि यी-जनचा हात मुठीवर ठेवून, तिचा स्वतःचा हात, स्क्रू उलटा पिळायला लागले. दर फेऱ्याला विचारत होते, आता? आता? ती सांगत होती, अजून थोडी लांब, अजून. मग वायर ताणून घेतली, खटका मोजून मापून बसवला. अंगठा नीट पोचतो का बघितला, आतल्या बाजूला ढकलताना मनगट वाकतं का ते बघितलं. मुठीवर पातळ रबर चढवलं, कारण तिची पकड रुंद आहे. कोणाच्या हाताला काय लागतं हे त्या हाताला विचारायचं असतं, हे मी वसंतापासून गिऱ्हाइकांना ऐकवत आलेय.

दुपारी जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले, आधी ग्वो साहेबांना. म्हटलं, लिव्हर माझ्याकडून चुकीची बसली, आज येऊन जा. पलीकडे त्यांनी आधी खाकरून घेतलं. मग म्हणाले, "हात माझाच आहे, वहिनी." म्हटलं, "मला माहीत आहे हो, या."

१४ सप्टेंबर

आज दार बंद झालं. सगळ्यांनी दारात पिंपात कागद जाळला, भल्या भावांना निरोप दिला. मीही दिला. कोणाला दिला ते कळलं नाही.

यी-जनचे डाग पिवळे पडलेत, कडा हिरवट. मी रोज संध्याकाळी बघायची सवय मोडायला बघतेय. ती मात्र जेवण झालं की स्वतःच हात पुढे करते. मी बघते आणि म्हणते, छान, जातायत.

२४ सप्टेंबर

पहाटेपासून डोंगराच्या पायथ्याशी, नाशपातीवाल्यांच्या टपऱ्यांजवळ उभी होते. आ-सुंग वर अर्ध्या वाटेवर पाणी द्यायला थांबला होता. वरून धुकं उतरलेलं, रस्ता ओला. एकेक जण खाली येत होता. दर वळणावर ब्रेकची किंकाळी ऐकू यायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. मी वाट बघताना कोणाला काही मागितलं नाही. मागायला आता कोणी आहे असं वाटत नाही.

मग ती आली. निळं जॅकेट, चिखलाने माखलेली, वळणावर कशी सावरून, बोटांनी लिव्हर ओढून, ट्रकला बाजू देऊन. माझ्यासमोर थांबली, एक पाय टेकवला, आणि दात वाजत होते तरी हसत होती.

"आई, हात गारठलेत. बोटं उघडेनात."

मी तिचे हातमोजे ओढून काढले आणि तिचे हात माझ्या हातांत घेऊन चोळायला लागले. उलटे केले, पालथे केले. प्रत्येक बोट बघितलं. कुठेही काही नव्हतं. स्वच्छ, लाल, गारठलेले हात, आणि ते तिचे होते.

मला इतकं बरं वाटलं की तिथेच, त्या टपऱ्यांच्या गर्दीत, हुंदका फुटला. यी-जन घाबरली. "अगं आले ना मी! आले ना सुखरूप! रडतेस काय?"

"म्हणूनच रडतेय," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग आपली दोन बोटं, शेवटची दोन, माझ्या मुठीत सरकवली आणि म्हणाली, "चल, भूक लागलीय." मी तिचा अख्खा हात धरला.